आजी तुम्हाला काय विचारायची? (पुण्यस्मरणाच्या पुस्तिकेबद्दल जरा सविस्तर)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की आजी ९१ व्या वर्षी गेली, लग्न झाल्यापासून माण तालुक्यातल्या एका वाडीतच राहिली, शाळा दुसरीपर्यंत, सहा पोरं वाढवली, कुठलं पद नाही संस्था नाही पुरस्कार नाही, पण तिला सगळ्याचं भारी कुतूहल होतं असं घरातले सगळेच म्हणतात. प्रथम पुण्यस्मरणाला ४० पानांची पुस्तिका काढायचं ठरलंय, लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि कागद घेऊन बसलं की प्रेमळ, कष्टाळू, मायाळू याच्या पुढं गाडी हलत नाही. वर मोबाईलमधे तिची तीन रेकॉर्डिंग आहेत, त्यात ती मधेच सारखं 'जेवलास का' विचारते, ते कापायचं का असंही विचारलंय. ते शेवटी सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझ्या बोलण्याला किती धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. तालुक्याच्या गावी आमची छोटी प्रेस आहे, वडलांच्या काळात पायानं चालवायचं ट्रेडल होतं, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवायचे, नंतर मी डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला आलो. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, यात्रेची पत्रकं आणि ह्या पुण्यस्मरणाच्या पुस्तिका, याच्यावर घर चाललं. अशा दीडशेच्या वर पुस्तिका माझ्या हातून गेल्या असतील, प्रत्येकाची एक प्रत ठेवलीय. लेखक वगैरे नाही मी. पण लोकांनी लिहून आणलेलं टाईप करता करता कुठली पुस्तिका लोक घरी नेऊन वाचतात आणि कुठली मांडवातच खुर्चीवर सोडून जातात हे तीस वर्षांत कळायला लागलं.

आता एक गंमत सांगतो. खिळ्यांच्या काळात काम झालं की टाईप सोडायचा असतो, म्हणजे एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. पण 'चंदनाप्रमाणे देह झिजवला' ही ओळ आमचे वडील कधी सोडायचेच नाहीत, सुतळीनं बांधून गॅलीत, म्हणजे खिळे ठेवायच्या ताटलीत, तशीच ठेवायचे, कारण पुढच्या आठवड्यात कुणीतरी दुसरं तीच ओळ घेऊन येणार हे ठरलेलं. 'वटवृक्षाची सावली हरपली' ही पण बांधलेलीच असायची. फक्त वरचं नाव बदलायचं. तुमची अडचण हीच आहे, तुम्हाला लिहिता येत नाही असं नाही, तुमच्या हाताला पहिल्यांदा जे लागतं ते आधीच बांधून ठेवलेलं आहे.

आणि दुसरं कारण जास्त खोल आहे. नातवंडांना आजी माहीत असते ती देणारी आजी. तिनं भाकरी दिली, पैसे दिले, पाठीवर हात फिरवला. ती आपल्याला द्यायची म्हणून प्रेमळ, देण्यासाठी राबायची म्हणून कष्टाळू. पण तिला स्वतःला काय हवं होतं, तिला काय कळून घ्यायचं होतं, हे आपण कधी बघितलेलं नसतं. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येक घराला एकच प्रश्न देतो, घरी जा आणि सगळ्यांना विचारा, 'आजी तुम्हाला काय विचारायची?' काय सांगायची ते नको, काय द्यायची ते नको, काय विचारायची तेवढंच.

हे मला सुचलं ते एका कामामुळं. एका म्हातारीची पुस्तिका होती, घरच्यांनी लिहून आणलेलं सगळं नेहमीचंच. प्रूफ बघायला तिची धाकटी लेक आली होती, ती असंच बोलता बोलता म्हणाली की आमच्या आईला जर्मनीतल्या नातवाचं फार. मी म्हटलं फार म्हणजे काय, तर म्हणाली तो दर रविवारी सकाळी उठला की नऊ वाजता फोन करायचा, आपल्याकडं तेव्हा साडेबारा, आणि आई त्या वेळेला बरोब्बर फोनपाशी येऊन बसायची. एकदा दिवाळी होऊन गेल्यावर आईनं त्याला झापलं, 'तू आता तासभर उशिरा का उठतोस रं, बरं नाही का तुला?' तो म्हणाला आजी मी नऊलाच उठतोय. त्यावर आई गप्प बसली, पण तिनं ते डोक्यात ठेवलं, होळीनंतर फोन परत साडेबाराला यायला लागला तेव्हा म्हणाली की म्हणजे तू नाही बदललास, तुमच्याकडचं घड्याळच सरकतंय. त्या पोरानं मग समजावलं की इकडं मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं आणतात, त्यामुळं भारताशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा. तर आईचा पुढचा प्रश्न, 'मग गाईंच्या धारांचं कसं करतात तिथं, गाईला काय घड्याळ सांगतात?'

हे सगळं ती लेक माझ्या काऊंटरला टेकून सांगत होती आणि तिच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं 'आई अत्यंत जिज्ञासू वृत्तीच्या होत्या.' मी म्हटलं ताई, हे वाक्य खोडा आणि आत्ता बोललात ते लिहा. घरच्यांनी आधी नाही म्हटलं, कार्यक्रमाला मान्यवर येणार, असलं बोलणं छापायचं का. शेवटी एक पान दिलं. नंतर लोक भेटले की त्या एका पानाबद्दलच बोलायचे, काय बाई होती म्हणायचे. बाकीच्या २३ पानांबद्दल मला आजतागायत कुणी काही बोललेलं नाही.

त्यात बघा कुतूहल आणि घर वेगळं काढता येतं का? नाही येत. नातवाची काळजी होती म्हणून तिनं वेळ पाळली, वेळ पाळली म्हणून फरक दिसला, फरक दिसला म्हणून घड्याळाचा विषय निघाला, आणि त्यातनं ती परत गोठ्यात आली. तुम्ही जे लिहिलंय की 'एक प्रकरण कुटुंबवत्सल आजी आणि एक प्रकरण जिज्ञासू आजी' असा प्लॅन आहे, तो माझ्या मते सोडून द्या. त्या पिढीच्या बायकांना कुतूहलासाठी वेगळा वेळ, वेगळी खोली मिळालेलीच नाही. जे काही बघायचं, विचारायचं, करून पाहायचं ते चूल, जातं, पाणी, जनावरं, बाळंतपणं आणि आल्यागेल्याचा पाहुणचार यातूनच. प्रकरणं पाडायचीच असतील तर जागांवरून पाडा, ओटा, गोठा, विहीर, माळ. दोन्ही आज्या आपोआप एका पानावर येतील.

अजून एक सांगतो, हे आमच्या घरातलंच आहे. ग्रहणात ताटात पाणी घालून मुसळ उभं करतात, ते ग्रहण असेपर्यंत उभं राहतं आणि सुटलं की पडतं अशी समजूत तुम्हीपण ऐकली असेल. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, कर्नाटकात खग्रास दिसलं, आपल्याकडं खंडग्रास, गावात सगळे दारं लावून बसलेले. माझ्या चुलत आजीनं मुसळ उभं केलं, राहिलं. दोन-चार दिवसांनी साध्या दुपारी ती एकटीच परसात ताट मुसळ घेऊन बसलेली माझ्या आईनं बघितली, आणि मुसळ उभं. आईला म्हणाली, 'तळ सपाट आहे गं त्याचा, रोजच राहतंय उभं, आपण रोज बघत नाही.' पुढच्या ग्रहणाला सगळ्यांबरोबर तिनं परत मुसळ उभं केलंच बरं का, काही बोलली नाही. मला ती गोष्ट तिथं आवडते. तिला काय ठाऊक होतं आणि तरी ती चारचौघींत कशी वागली, दोन्ही त्यात आहे. तुमच्या घरात असं काहीतरी शंभर टक्के सापडणार, फक्त ते 'किस्से' या नावाखाली शेवटच्या पानावर टाकू नका, तेच पुस्तक आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण माझं सगळंच सगळ्यांना लागू होईल असं नाही.

पहिलं म्हणजे घरात वाटणीचा वाद चालू आहे का. असेल तर पुस्तिकेत कोण कुणापाशी राहिलं, कुणी औषधपाणी केलं, याचं एकही वाक्य घालू नका. माझ्याकडं एकदा 'थोरल्या सूनबाईंनी शेवटची सहा वर्षं सेवा केली' एवढं एक वाक्य गेलं. वाक्य खरं होतं. पण त्याच्या आधीची चौदा वर्षं धाकटीनं केली होती आणि तिचं नाव नव्हतं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री गठ्ठा फुटला, कुणीतरी वाचलं, पाचशे प्रती परत माझ्या दुकानात आल्या आणि पुढं रद्दीत गेल्या. चूक माझीपण, प्रूफ एकाच घराला दाखवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक चुलीला प्रूफ गेल्याशिवाय मी छापत नाही, वेळ लागतो, लागू दे.

दुसरं, गेलेलं मूल. त्या पिढीत जवळजवळ प्रत्येक घरात एखादं लहानपणी गेलेलं मूल असतं, आणि म्हातारी त्याच्याबद्दल एकतर कधीच बोललेली नसते किंवा फक्त एकाच लेकीजवळ बोललेली असते. ते छापायचं का हे बाहेरच्यानं ठरवायचं नाही. जिच्याजवळ बोलली तिला विचारा, ती नको म्हणाली तर नको. सहा मुलं वाढवली असं तुम्ही लिहिलंय, किती झाली होती ते कधी विचारलंय का घरात? मी आगाऊपणा करतोय असं वाटलं तर सोडून द्या.

तिसरं म्हणजे वेळ. वर्षश्राद्धाला दोन महिने असतील तर वेगळं आणि सात महिने असतील तर वेगळं. दोनच महिने असतील तर तारखाबिरखांच्या मागं लागूच नका, फक्त प्रश्न गोळा करा. सात असतील तर पुढचं वाचा.

तारखा. आजीची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी असेल तर ती खरी समजू नका. त्या पिढीत ज्यांना शाळेत घातलं त्यांच्या बऱ्याच जणांचा वाढदिवस १ जून, कारण गुरुजी दाखल करताना तीच तारीख टाकायचे, आणि ज्यांची तारीख कुणालाच माहीत नव्हती त्यांची आधारवर १ जानेवारी झाली. (एसटीचा वाढदिवसपण १ जूनच, १९४८ ला पहिली गाडी अहमदनगर-पुणे धावली. पण ती तारीख खरी आहे.) तुमची आजी दुसरीपर्यंत शिकली म्हणताय म्हणजे तिच्या माहेरच्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला तिची नोंद असू शकते. जाऊन बघा, आणि तारखेपेक्षा तिथलं नाव बघा, कारण आपल्याकडं लग्नात बाईचं नाव बदलायचे, तांदळात नवीन नाव लिहायचे. पुष्कळ नातवंडांना आजीचं माहेरचं नाव ठाऊकच नसतं हो. त्या नावानं हाक मारणारं माहेरी कुणी अजून जिवंत असेल तर त्यांना भेटायला आधी जा, बाकी सगळं नंतर.

गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद असते, जुनी असेल तर मोडीत असेल, ती वाचणारा माणूस लागतो. अलीकडं कुणबी नोंदी शोधायला लोकांनी ही बुकं भरपूर चाळली त्यामुळं तहसीलला कुणीतरी वाचणारा भेटेल. सातबाऱ्यावर मात्र ह्या बायकांचं नाव सहसा आजोबा गेल्यावरच येतं, वारसाच्या फेरफारात. तो फेरफार काढा. कित्येकदा सरकारी कागदावर तिचं नाव पहिल्यांदा तिथंच आलेलं असतं आणि कुठल्या लेकींची नावं आहेत, कुणी हक्कसोड केलं हेही तिथंच दिसतं. तुमच्या माहितीसाठी बघा, पुस्तिकेत घालू नका, वर वाटणीचं सांगितलं ते आठवा.

बाकी आयुष्यातल्या गोष्टींना साल लावायचं असेल तर सन विचारू नका. 'कोणत्या साली' म्हटलं की आपली माणसं अंदाजे काहीतरी ठोकून देतात. त्याऐवजी मोठ्या घटनेच्या आधी का नंतर असं विचारा. आपल्या साताऱ्याच्या बाजूला माझ्या उपयोगाला येणाऱ्या खुणा अशा आहेत. चले जाव चळवळीतला वडूजचा मोर्चा आणि गोळीबार, ९ सप्टेंबर १९४२, परशुराम घार्गे त्यात गेले, तुमची आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असणार आणि एवढ्या वयाच्या पोरीनं घरातली मोठी माणसं घाबरलेली नक्की बघितली असणार. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७, कुळकायद्याचा कृषक दिन पण तोच दिवस, म्हणजे एकाच दिवशी कसणाऱ्या कुळांची जमीन झाली आणि सगळ्यांचा हिशोब बदलला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ पहाटे, त्या रात्री कोण कुठं झोपलं होतं आणि कोण किती वर्षांचं होतं हे म्हाताऱ्या माणसांना बरोब्बर सांगता येतं. मग ७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, वाटपाची सुकडी, तांबडी मिलो ज्वारी. मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, माण-खटावात मुंबईला माणूस नसलेलं घर शोधावं लागेल, संपानंतर कोण गावाला परत आलं आणि त्यांचं ताट कुणी वाढलं हे आज्यांना विचारायला हवं होतं.

एक सावधगिरी. दुष्काळ म्हटलं की सगळे ७२ म्हणतात. त्याच्या आधीचे, नंतरचे सगळे दुष्काळ आठवणीत त्या एकातच विरघळलेले असतात. एका पुस्तिकेत लिहून आलं की आईनं ७२ ला ह्या ह्या लेकीला पाठीशी बांधून खडी फोडली, आणि मागच्याच पानावर त्या लेकीचा जन्म ७६ चा. खडी खरी, लेक खरी, साल तेवढं घसरलेलं. मुलांची वयं एका कागदावर लिहून शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं. आणि स्कायलॅबचं विचारायला विसरू नका, जुलै १९७९, अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव घबराट होती, लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, आता राहतंय काय म्हणून. ती शेवटी ऑस्ट्रेलियाकडं पडली. त्या दिवशी तुमच्या आजीनं काय केलं? कुतूहलवाली बाई असेल तर अंगणात उभी असणार बघा.

आता सामग्री कुठं सापडते. घरच्यांकडं कमी सापडते असा माझा अनुभव आहे. बाहेरचे पाच जण शोधा, बांगड्या भरणारा कासार, पोस्टमन, वाडीवर मुक्कामाच्या गाडीचा कंडक्टर, उपकेंद्रातली नर्सबाई, पावसाळा संपता संपता मेंढरं घेऊन जाणारे धनगर. ह्यांच्याशी आजीचं नातं देण्याचं नव्हतं, बोलण्याचं होतं. एका कंडक्टरनं मला सांगितलं होतं की अमुक म्हातारी गाडीत बसली की ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसणार आणि विचारणार, घाट उतरताना तू चढायचाच गिअर का टाकतोस, नुसता ब्रेक का नाही दाबत. ड्रायव्हरनं सांगितलं इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापला की सोडून देतो. म्हातारी म्हणाली, 'म्हणजे बैलगाडीला मागनं ओंडका बांधतात तसं.' घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

वस्तू बघा. जुन्या कॅलेंडरची पानं कुणी ठेवली असतील तर सोनं आहे, कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि घराघरात त्याच्या चौकटीत दुधाचा रतीब, गाय लागली ती तारीख, गॅस कधी लावला असलं सगळं असतं. अक्षर येत नसलं तरी टिंबं, काट, रेघा असतात. बियाणं बघा. कडधान्य राखेत घोळून मडक्यात, भोपळा-दोडक्याचं बी शेणात घालून भिंतीला थापलेलं, कुणाकडनं आणलं आणि कुणाला दिलं हे जिच्याशी देवघेव होती तिला विचारलं तर आजीचा सगळा नकाशा निघतो, माहेर, लेकींची सासरं, वारीतल्या ओळखी. हा नकाशा खरंच काढून छापा, हातानं काढलेला चालतो, दोन पानं घ्या त्याला.

ओव्या म्हणायची का? म्हणायची असेल तर गिरणी गावात कधी आली ते विचारा, कारण पहाटेचं दळण बंद झालं की ओवी पण बंद झाली, मग ती फक्त हळदीच्या दळणाला, लग्नात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावातून लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्या बायकांच्या नावगावासकट. ते काम बघितल्यापासून मी पण ओवीखाली कुणी म्हटली ते नाव टाकायला लागलो. आजी तर आता नाही, पण तिच्याबरोबर जात्याला बसणारी जाऊ किंवा शेजारीण असेल तर तिला खुर्चीवर बसवून 'म्हणा ओवी' म्हणू नका, आठवणार नाही. हातात खुंटा द्या. जातं नसेल तर सूप द्या, निवडायला काहीतरी द्या. हात चालू झाले की आपोआप येतं.

रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, वीस मिनिटांच्या वर ताणू नका, आणि फाईलला नाव-गाव-तारीख तिथल्या तिथं द्या, नंतर देऊ म्हटलं की झालं. उतरवून काढताना 'व्हतं' चं 'होतं' करू नका. पण प्रत्येक शब्द तसाच ठेवण्याच्या नादात वाचणाऱ्याला अडखळायला होईल असंही नको. मी काय करतो, आजीच्या तोंडचं वाक्य तिच्या बोलीत आणि बाकीचं तुमच्या रोजच्या भाषेत. 'आजींनी कथन केले' वगैरे तर अजिबात नको, त्या म्हातारीनं आयुष्यात काही कथन केलेलं नाही.

छपाईचं पटकन. आमच्याकडं १६ पानांचा एक फर्मा, ४० पानं म्हणजे अडीच फर्मे, होतं, पण ३२ मधे बसवा, दोन फर्मे सरळ पडतात, मधोमध पिना मारून सुटसुटीत होतं आणि पैसेही वाचतात. आत साधा मॅपलिथो कागद, आर्ट पेपरवर वाचताना चकाकतं. मान्यवरांचे संदेश घ्यायचे असतील तर सगळे मिळून एका पानात, नाहीतर ३२ पैकी १४ पानं आमदार-सभापतींची होतात आणि आजी मागं राहते, हे मी फार वेळा बघितलंय. जुने फोटो स्कॅन करून घ्या, जमलं नाही तर दिवसाच्या उजेडात काचेतून बाहेर काढून फोटो काढा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन येतो. फोटोखाली डावीकडून कोण कोण ते आत्ताच लिहा, सांगणारी माणसं आहेत तोवर. तिचा चांगला फोटो नसेल, फक्त लग्नातल्या गर्दीतलाच असेल, तर तोंड कापून मोठं करू नका, फुटतं. त्यापेक्षा तिच्या रोजच्या हाताळणीतली एखादी वस्तू छापा. आणि प्रेसवाल्याकडून मजकूर युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर वाचता येईल असा, मागून घ्या. माझ्या स्वतःच्या २००३ च्या सीडीतल्या श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या फायली आता उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, मजकूर सगळा आहे आणि वाचता येत नाही.

थोडक्यात तुमच्यापुरता क्रम सांगायचा तर आधी तिचं माहेरचं नाव, मग 'आजी तुम्हाला काय विचारायची' हा एक प्रश्न घेऊन सगळ्यांकडं जायचं, मग बाहेरचे पाच जण, मग वयांचा कागद करून सालं तपासायची, आणि लिहायला सगळ्यात शेवटी बसायचं. सुरुवात जन्मापासून करू नका. तिनं विचारलेल्या एखाद्या प्रश्नापासून करा, जन्म दहाव्या पानावर आला तरी चालतो. लिहून झाल्यावर एक परीक्षा करा, तिचं नाव झाकून शेजारच्या वाडीतल्या दुसऱ्या आजीचं नाव घाला आणि वाचून बघा. जी वाक्यं दोघींना लागू पडतात ती काढा. पहिल्या खेपेला तीन चतुर्थांश मजकूर जाईल, घाबरू नका, सगळ्यांचा जातो.

आणि ते 'जेवलास का'. कापू नका. पण ते नुसतं ठेवून 'बघा किती माया' अशी ओळही खाली लिहू नका. तुम्ही हो म्हटल्यावर ती पुढं काय विचारते ते ऐका. तीन रेकॉर्डिंग आहेत म्हणजे तीन-चार वेळा तरी आलं असणार. बहुतेक 'काय केलं होतं', मग 'कुणी केलं', मग 'तिकडं ज्वारी कुठली मिळती, बार्शीची का कर्नाटकची' असं काहीतरी जात असणार, आणि तुम्ही मधेच 'आजी ते राहू दे, दुष्काळाचं सांग' म्हणून तोडलं असणार. तुमचा तो आवाजपण राहू द्या. हे सगळं जसंच्या तसं उतरवून काढा, अर्धं पान होईल. काढलं की मला पाठवा, बसवून देतो.